चौथ्या घराचा कचरा

बाई, परवा ओला-सुका कचरा वेगळा करताना तुमची आठवण आली, आणि इतक्या वर्षांनी मी पुन्हा त्याच गोंधळात पडले.

कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला तुम्ही मला पाहणीचा प्रकल्प दिलात, आणि आपण कोणत्या घरातून काय टाकलं जातं ते बघत होतो. प्रयोगशाळेमागच्या पडवीत वर्तमानपत्रं पसरलेली, तुमचा पदर खोचलेला, मी नाकाला रुमाल बांधून बसलेली. बदलापूर गावातल्या घराची बादली जवळजवळ रिकामी, तळाला नुसती राख. साली-देठं म्हशीपुढे गेलेली. निर्वासितांच्या वसाहतीतल्या कॅम्प चारच्या बराकीतून जीन्सच्या निळ्या चिंध्या, कारण तिथली बाई घरीच शिलाई करायची. कारखान्याच्या साहेबांच्या क्वार्टरमधून अंड्यांची टरफलं, बिस्किटांचे कागद, कुंड्यांतला पाला. चौथं घर तुमचं, अंबरनाथचं, दोन खोल्यांचं. तिथे तुम्ही आणि तुमची आई.

तुमच्या घरच्या कचऱ्याच्या पिशवीत कागदात गुंडाळलेल्या पोळ्या निघतात. अख्ख्या, गवारीच्या भाजीसकट. दुसऱ्या दिवशीही तेच. मी विचारते, "बाई, हे कशात धरू?"

"उरलेलं अन्न."

"पण हे उष्टं नाहीये."

तुम्ही पोळी उलटून बघता. "सकाळी झाकून ठेवते मी आईसाठी. संध्याकाळी विचारलं की जेवले म्हणते."

त्यानंतर तुम्ही दुपारच्या सुट्टीत शेअर रिक्षाने घरी जायला लागलात. परीक्षेच्या धावपळीतही चुकवलं नाहीत. पुढे एकदा मी भीत भीत विषय काढला, तर म्हणालात, "समोर बसलं की जेवते गं. का ते सांगत नाही."

मला अजून उलगडत नाही. आई तुमच्यावर रागावल्या होत्या, की एकटीला घास उतरत नव्हता? आणि तुमचं काय? स्वतःचं घर तुम्ही आपणहून पाहणीत घेतलंत, ते आधीच शंका आली होती म्हणून? मग घरच्या कचऱ्याच्या डब्यात डोकवायचं सोडून ते माझ्यासमोर का पसरलंत? की खरंच फक्त एक घर कमी पडत होतं? एकेक दिवस एकेक उत्तर पटतं, आणि दुसऱ्या दिवशी तेच खोटं वाटतं.

तुम्ही गेल्यावर तुमचे भाऊ भेटले होते. त्यांना कदाचित माहीत असेल. तासभर बसले, चहा झाला, पण मी विचारलं नाही. उत्तर मिळालं असतं तर तुमच्याशी बोलायला काही उरलं नसतं, अशी धास्ती वाटली.