पाहुणीनं स्वतः वाढून घेतलं नाही

बाई, आजचं तुम्हाला सांगितल्याशिवाय मला घास गिळवणार नाही, म्हणून घरी आल्या आल्या पर्स खुंटीला अडकवली आणि लिहायला बसले. आमचा वर्ग वाचला! नुसता वाचला नाही, दुसऱ्या शिफ्टच्या बायकांसाठीही सुरू होणार आहे, आणि तोही ड्युटीच्या वेळेत. तुम्हाला यातलं काहीच ठाऊक नाही. कसं असणार? तुम्ही गेलात तेव्हा वळ गावात अजून भाताची खाचरं होती आणि मी कॉलेजात होते. आता त्या खाचरांवर गोदामं उभी आहेत. त्यातल्याच एका गोदामाच्या ऑफिसात मी नोकरी करते आणि दुपारी शिफ्ट बदलते तेव्हा कॅन्टीनच्या कोपऱ्यात खोकी भरणाऱ्या बायकांना इंग्रजी शिकवते. होय, मीच. खिडकीजवळच्या बाकावर बसून ‘ही’ आणि ‘शी’मध्ये गोंधळ घालणारी. हसू नका.

तुम्ही निजामपुऱ्याहून आमच्या शाळेत यायचात. तुमच्या घराच्या दोन्ही अंगांना कापडाच्या लूमचा खडखडाट, त्यामुळे तुमचा साधा आवाजही पटांगणापर्यंत जायचा. हेडसर म्हणायचे, बाई, जरा हळू. तुम्ही म्हणायचात, सर, हेच माझं हळू आहे. ‘सेल्फ’ शिकवलात त्या दिवशी तुम्ही फळ्यावर काहीच लिहिलं नाहीत. खडू उचललात, पुढच्या बाकावरच्या मुलीच्या हातात दिलात आणि म्हणालात, ‘आय गेव्ह हर द चॉक.’ मग तोच खडू परत घेऊन उजव्या हातातून स्वतःच्याच डाव्या हातात दिलात. ‘आय गेव्ह मायसेल्फ द चॉक.’ काम जिच्यापासून निघालं तिच्याच दारात परत आलं की सेल्फ लावायचा, शेजारणीच्या दारात गेलं तर नाही. एवढंच सांगितलंत आणि सगळ्या वर्गाला खडू या हातातून त्या हातात द्यायला लावलंत. मराठीत आपण नुसती मजा करतो, इंग्रजीत मात्र एन्जॉय युवरसेल्फ, तिथं स्वतःला विसरायचं नाही. अंघोळीला आणि कपडे घालायला सेल्फ नको, कारण ते ज्याचं तोच करणार हे इंग्रज धरून चालतो. कुणीतरी विचारलं, बाई, आणि लहान बाळ? तुम्ही खूश झालात. बाळ आपले आपण कपडे घालायला शिकलं की लावा की, कौतुकानं लावा! मी आजही अगदी तसंच शिकवते, खडूसकट.

दहावीनंतर माझं शिक्षण थांबवायचं बाबांनी जवळजवळ ठरवलंच होतं, आणि तुम्ही एक दिवस न कळवता आमच्या घरी आलात. मला ते स्वयंपाकघर आत्ताही दिसतं आहे. तुम्ही पाटावर बसला आहात, शेजारी बाबा, आई तव्यावर तांदळाची भाकरी उलटते आहे, मध्ये वालाच्या बिरड्याचं पातेलं. आपल्याला किती येतं हे बाबांना दाखवायची माझी घाई. तुम्ही नुकतंच शिकवलेलं वाक्य मी छाती काढून म्हणते, “बाई, प्लीज हेल्प युवरसेल्फ.”

“काय म्हनलीस?” आईनं विचारलं. मी अर्थ सांगितला, आणि तिचं उलथनं हवेतच राहिलं. “पावनीला सांगतीस, तुझं तू घे म्हनून? आपलं हात मोडलं काय? लाज न्हाय वाटत?”

तुम्ही मध्ये पडलात. “अहो, तिकडे असंच म्हणतात. मान देऊनच म्हणतात.”

“तिकडं म्हनत असतील, बाई. आपल्याकडं पावना आधी न्हायच म्हनतो. त्याचं त्याला घ्यायला लावलं तर उपाशी उठंल बिचारा.” असं म्हणत तिनं तुमच्या नको-नकोकडं काणाडोळा करून ताटात आणखी एक भाकरी टाकली. तुम्ही ठसका लागेपर्यंत हसलात, बाबाही हसले. तेवढ्यात तुम्ही संधी साधलीत. “शिकलेलं वापरायची एवढी घाई आहे हिला, घरी बसवून हिचं काय करणार तुम्ही?” कॉलेजचा अर्ज आणायला मला बाबांनीच नेलं. मी जी काही आहे ती त्या जेवणानंतरची आहे.

आता माझ्या वर्गाचं ऐका. त्यात माझ्या मोठ्या जाऊबाईसुद्धा आहेत. गोदामात खोकी बांधतात आणि वर्गात मला सळो की पळो करून सोडतात. मी ‘आय हर्ट मायसेल्फ’ शिकवलं तर उठून उभ्या राहिल्या. “मी कशाला लावून घेईन मला? ट्रॉली आली अंगावर!” मी म्हटलं, मग म्हणा ‘द ट्रॉली हर्ट मी’. तेव्हापासून त्यांच्या वाक्यात दोष ट्रॉलीचा असतो, ट्रॉली तिथं असो वा नसो. पण बाई, थट्टेपलीकडे या बायकांची गरज खरी आहे. लाइन लीडरची जागा निघाली की बाहेरचा कुणीतरी पोरगा येऊन बसतो, कारण मेल इंग्रजीत आणि वरच्या साहेबांशी बोलणंही इंग्रजीत. मालाची खडान्‌खडा माहिती असलेल्या आमच्या बायका त्याला सगळं दाखवून देतात आणि पुन्हा खोकी बांधायला जातात. वर्ग बंद झाला तर हे असंच चालणार. आणि तो बंद करायचं घाटत होतं. मुख्य ऑफिसातून मॅडम येतील, बायकांशी जेवणाच्या सुट्टीत इंग्रजीत बोलतील, बायका बोलल्या तर वर्ग ठेवू, असं आम्हाला कळवलं होतं. मी मध्ये एक शब्द बोलायचा नाही, हीसुद्धा अट.

तर आज त्या आल्या. दक्षिणेकडच्या, मराठीचा गंध नाही, चेहरा चांगला. त्यांनी म्हटलं, “प्लीज इंट्रोड्यूस युवरसेल्व्ह्ज,” आणि आमच्या सगळ्या बायका खाली बघायला लागल्या! महिनाभर तेच घोकलं होतं. एकीनं नाव सांगितलं आणि थांबली, दुसरीनं नावही गिळलं. मी भिंतीला टेकून उभी. मॅडमनी घड्याळाकडे बघितलं. संपलं, असंच वाटलं मला.

मग डबे उघडले. पाहुणी येणार म्हणून बायकांनी घरून आणलं होतं, भाकऱ्या, सुकटीची चटणी, बोंबलाचं कालवण. मॅडमसमोर ताट ठेवलं आणि ठरल्याप्रमाणे जाऊबाई पुढे झाल्या. “मॅडम, प्लीज हेल्प युवरसेल्फ,” त्या घडाघडा म्हणाल्या, आणि म्हणता म्हणता स्वतःच भाकरी उचलून मॅडमच्या ताटात ठेवली. मॅडम हसून म्हणाल्या, “आय विल हेल्प मायसेल्फ,” आणि त्यांनी कालवणाच्या डावाकडे हात नेला. जाऊबाईंनी तो डाव मागे ओढला. “नो, नो! यू सिट युवरसेल्फ! आय गिव्ह!” बाई, चूक हो, शंभर टक्के चूक. पण आमच्यातल्या कुठल्या बाईनं पाहुणीला हातात डाव घेऊ दिला असता?

आणि तिथून जी तोंडं उघडली! पाहुणी जेवायला बसली म्हटल्यावर भीती कुठल्या कुठे गेली. बोलल्याशिवाय आग्रह करता येत नाही, आणि मॅडमना मराठी कळत नाही. “ईट, मॅडम, डोन्ट शाय!” “धिस चटणी आय मेड मायसेल्फ!” “हॉट, मॅडम, डोन्ट बर्न युवरसेल्फ!” हे शेवटचं मी कधी शिकवलंही नव्हतं, बाई, ते तिचं तिनं जुळवलं! मॅडमनी डोळे पुसत विचारलं, एवढं तिखट रोज खाता? त्यावरून गोष्ट सुकट कुठून येते इथं गेली, तिथून कुणाची मुलगी खारबावच्या खाडीत स्वतःच पोहायला शिकली इथं, आणि तिथून थेट कामावर. कुठला माल कसा फुटतो, खोकं कसं बांधलं तर फुटत नाही, हे जाऊबाईंनी भाकरी दुमडून दाखवलं. मॅडम प्रश्न विचारत होत्या आणि सगळ्याजणी एकदम उत्तरं देत होत्या. मी भिंतीपाशी उभी राहून रडत होते आणि हसत होते. ताट काही रिकामं होईना. उठताना मॅडम मॅनेजरसाहेबांना म्हणाल्या, वर्ग चालू राहील, दुसऱ्या शिफ्टलाही सुरू करा, ड्युटीच्या वेळेतच, आणि यांच्यातून लाइन लीडर का घेत नाही आपण? जाऊबाई माझ्या कानाशी म्हणाल्या, “पन ती नीट जेवली न्हाय गो.”

मॅडमना गाडीपर्यंत सोडायला मी गेले. त्यांनी विचारलं, तुम्हाला असं शिकवायला कुणी शिकवलं? मी म्हटलं, माझ्या बाईंनी. कुठे असतात त्या? मी म्हटलं, निजामपुऱ्यात. त्यांना माझ्याकडून थँक यू सांगा, त्या म्हणाल्या, आणि मी म्हटलं, नक्की सांगते. शब्द दिला म्हणून हे लिहिलं आहे. पाठवायला पत्ताच उरलेला नाही. पण तुमच्यापाशी एवढं कबूल करते. तुम्ही आता नाही, हे सांगायचं माझ्या मनात होतं, वाक्यही जुळवलं होतं. आजच्या दिवशी तुम्हाला ‘होत्या’ म्हणणं माझ्याच्यानं झालं नाही.