आईची खुर्ची

४ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

आतड्यातली गाठ कॅन्सरची निघाली हे मागच्या पत्रात कळवलंच होतं. आता स्कॅनमध्ये उजव्या फुप्फुसातही एक डाग दिसलाय. पोटाच्या डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, मान हलवली आणि सांगितलं, की आतड्यातलाच कॅन्सर वर पसरलाय, आता ऑपरेशनात अर्थ नाही, औषधांनी मिळेल तेवढा आराम. उभा जन्म चष्म्याच्या दुकानात नंबर तपासण्यात गेला माझा, पण इतक्या झटपट मी कुणाला वाचायचा चष्मासुद्धा दिला नाही.

आई गेली तेव्हा तिच्या खुर्चीवरून आपण दोघं चार वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. शेवटी ती मी बळकावली. तो तमाशा पुन्हा नको म्हणून या वेळी मी जिवंतपणीच वाटप करून टाकलं. शिवणयंत्र तुझ्या बायकोला, मांजर खालच्या मजल्यावरच्या रिटायर्ड कंडक्टरना, आणि खुर्ची तुला. सामानाची गाडी निघाली आहे. पोचल्याचं कळव, आणि गळा काढू नकोस, कापड खराब होतं.

लोभ होताच, आता सोबत सामानही आहे.
तुझी ताई

१२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

सामान पोचलं. तुझी भावजय यंत्रापाशी बसून आधी रडली, मग पडद्याला टीप मारून पाहिली. दोन्ही मनापासून केलं.

मी दिवसभर लोकांच्या खुर्च्या-सोफे मढवतो आणि बसून तपासतो. तुझ्या खुर्चीत एकदा टेकलो आणि उठलो. तिच्यासाठी तुझ्याशी भांडलो होतो, आता ती नजरेसमोर नको झालीय.

मला एक सांग, भाजीवाल्याकडे टोपलीतल्या सगळ्या वांग्यांची परीक्षा घेतल्याशिवाय तू एक वांगं उचलत नाहीस, आणि इथे एकाच माणसाची मान हललेली पाहून संसार वाटायला निघालीस? तो पोटाचा डॉक्टर आहे. डाग फुप्फुसात आहे. तो फुप्फुसवाल्यांना दाखव. माझ्यावर उपकार म्हणून तरी दाखव.

लोभ आहे, म्हणून राग आहे.
तुझा ठोक्या

२५ मार्च

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझी कटकट थांबावी म्हणून गेले. फुप्फुसाची डॉक्टर म्हणजे केसांत पेन खोचलेली एक मुलगी. बराच वेळ स्कॅन बघत बसली. म्हणाली, आतड्यातून पसरून आलेले डाग बहुधा गोल आणि गुळगुळीत असतात. हा एकटाच आहे, शिवाय कडेनं काटेरी. हा फुप्फुसात स्वतंत्रपणे उगवलेला दुसराच कॅन्सर असू शकतो. तसं असेल तर दोन्ही वेळेवर सापडलेत आणि दोन्ही काढता येतील. खात्री करायला पाठीतून सुई घालून तुकडा काढावा लागेल.

म्हणजे बघ, एक कॅन्सर असेल तर मी गेले आणि दोन असतील तर वाचण्याची आशा! या वयात मी दोन कॅन्सर व्हावेत म्हणून नवस बोलायचा का? आणि हे दोन डॉक्टर एकाच व्हरांड्यात समोरासमोर बसतात. एकमेकांशी बोलायचं तर मधे माझी फाइल लागते, आणि ती उचलून न्यायला मी.

सुईला मी नाही म्हणून आले आहे. सगळं वाटून झालंय. उद्या जगले तर कुठल्या तोंडानं यंत्र परत मागू? घरात स्टुलावर बसते. मांजर तेवढं आपणहून परत आलं, त्याला कुणाची भीडभाड नाही.

खरं सांगायचं तर पुन्हा आशा धरायची आणि पुन्हा ती मान हललेली बघायची, एवढं बळ माझ्यात उरलेलं नाही.

लोभ असावा, हट्ट नसावा.
तुझी ताई

१ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

खुर्ची आणि यंत्र परत पाठवलंय. यंत्राला भावजयीनं नवा पट्टा घातलाय. त्याच्या खडखडाटानं तिचं डोकं उठतं म्हणे. ती धडधडीत खोटं बोलते आहे, तिला ते फार आवडलं होतं.

खुर्चीच्या स्प्रिंगा मी बदलल्या, काथ्या नवा भरला. आता ती वीस वर्षं हलत नाही. तुझी अडचण परत मागायची होती ना? ती मिटली.

सुई घेणार नसशील तर गाडी दारातूनच परत फिरव. मग मी पुन्हा चार वर्षं बोलणार नाही. आणि या वेळी आपल्याकडे चार वर्षं आहेत की नाहीत, हे तुझ्या त्या मान हलवणाऱ्यालाही ठाऊक नाही.

लोभाचं तूच ठरव.
ठोक्या

२४ एप्रिल

चि. ठोक्यास,
अनेक आशीर्वाद, भरघोस.

खुर्ची आली. हा जांभळा रंग कुठल्या गिऱ्हाइकानं नाकारलेला रे? आईनं पाहिला असता तर तिनं आपणहून तुला देऊन टाकली असती.

सुई टोचून घेतली. प्रयोगशाळेतल्या डॉक्टरांनी आतड्याचा आणि फुप्फुसाचा तुकडा शेजारी शेजारी ठेवून तपासला. दोघांचं काडीचंही नातं नाही. माझ्या अंगात दोन परके कॅन्सर भाडेकरूंसारखे राहत होते. पेनवाली मुलगी हे सांगताना हसली आणि मी बाहेर येऊन मोठ्यांदा म्हणाले, की दोन आहेत, दोन! बाकावरच्या लोकांनी घाईघाईनं उठून मला जागा दिली.

मग सगळ्या डॉक्टरांना एकदाचं एका टेबलाशी बसवलं. आधी कुणी कापायचं यावर आपल्यासारखीच खेचाखेची झाली. आतड्याची वाट बुजत चाललीय म्हणून आधी ते, मग अंगात ताकद आली की फुप्फुसाचा एक भाग. पोटवाले म्हणाले, की त्यांना पहिल्यापासून शंका होतीच. मी त्यांना डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

खात्री कुणी देत नाही. मला भीती वाटते आहे, फार वाटते आहे. हे दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही.

पुढच्या सोमवारी ऑपरेशन आहे. आदल्या दिवशी ये आणि भावजयीलाही आण, यंत्रावर तिचे पडदे शिवून होऊ देत. तुला बसायला स्टूल आहे. खुर्चीत मी आहे.

लोभ आता जरा जास्त लागेल.
तुझी ताई