राजपुत्राचे देवक

मी, रत्ना रखमाजी औटी, वय पंचवीस, बी.ए., राहणार राजुरी, ता. जुन्नर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्याही दडपणाशिवाय हे लिहून ठेवत आहे. येत्या गुरुवारी पुण्यात माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. पण घरात कागद करायला शिकलेली मी पहिलीच, तेव्हा माझा तरी कागद पक्का असावा.

१. शिकवण्या घेऊन घेतलेला रंगीत टीव्ही आई साळुबाई हिला. दुपारी तिने चुलती झुंबरबाईसोबत केबलवरचे राजपुत्रांचे विलायती चित्रपट बघत राहावे. वडिलांनी, म्हणजे बापूंनी, मध्येच बंद करू नये.

२. या चित्रपटांना मी हसत आले, पण मृत्युपत्रात खोटे लिहू नये. मला ते आवडतात. सगळ्यांत तोच जिना, कापसाचा बर्फ, ओठ एकीकडे आणि हिंदी शब्द दुसरीकडे. मेजवानीनंतर भांडी कोण घासते, ते कधी दाखवत नाहीत. चुलती दर वेळी विचारते, ह्या राजाला भावकी न्हाई का? तरी वेश बदलून आलेला राजपुत्र केक भाजणाऱ्या मुलीपाशी थांबून विचारतो, तुला काय हवंय, तेव्हा आम्ही तिघी गप्प होतो. कवडसा भिंतीवर सरकत असतो आणि जिन्यावरून आपणच उतरतोय असे वाटते.

३. मला तसे एकानेच विचारले. भगवंत, नारायणगावचा, टीव्ही दुरुस्त करणारा. केबल येण्याआधी तो पत्र्यावर चढून अँटेना फिरवायचा आणि मी खालून सांगायची, अजून मुंग्या आहेत. त्या वर्षी मुंग्या फार आल्या. मग त्याने रीतसर मागणी घातली. ओट्यावर बैठक बसली. लग्नाच्या मांडवात बसवायचे आमचे देवक बापूंनी सांगितले, कळंबाचे झाड. भगवंतच्या घरचेही कळंबच निघाले, म्हणजे आम्ही भाऊबहीण. बैठक उठली. जाताना भगवंत म्हणाला, "पिक्चरमधी राणी आडवी येती, अन् शेवटाला ऐकती. झाडाला कसं समजवायचं, रत्ना?"

४. पुस्तके गावच्या वाचनालयाला. फाटकी आधी शिवून घ्यावीत.

५. बापूंवर तीन वर्षे धरलेला राग मी इथे सोडते. परवा दवाखान्याची पिशवी भरताना बोलण्यातून देवकाचे निघाले आणि चुलती म्हणाली, "कळंब माझ्या माहेरचं. आपलं पंचपल्लव. भाऊजी माझ्या लग्नात ल्हान व्हते. मांडवात डहाळी बघितली, तीच डोक्यात धरली."

इतके दिवस बोलली का नाहीस, असे मी विचारले.

"बैठकीत बाया व्हत्या का? मला कुनी इचारलंच न्हाई."

थोरली माणसे गेलेली, त्यामुळे बापूंचा शब्द कुणी तपासला नव्हता. सांगितल्यावर ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. चित्रपटांत आडवे येणारे माणूस दुष्ट असते. आमचे बापू तसे नाहीत, म्हणून तर भांडताही आले नाही.

६. ही चूक माझ्या पश्चात भगवंतला कळवावी.

वरील सहावे कलम मी खोडत आहे. हा निरोप पोहोचण्यासाठी मी मरण्याची गरज नाही. तो अजून अविवाहित आहे, हे मी बाजारात न लाजता विचारून आले. उद्या सकाळच्या जीपने मी नारायणगावला जाणार आहे. बापू म्हणाले, "मी येतो संगं. चूक माझी हाय, मीच बोलतो."

त्यांना म्हटले, या. पण आधी मी बोलणार.

सही: रत्ना रखमाजी औटी

सही आमच्यासमोर झाली. सहावे कलम खोडतानाही आम्ही हजर होतो.
साक्षीदार: सावळेराम हाडवळे, गेणभाऊ डुंबरे
राजुरी, शनिवार, १२ मार्च २००५