पाणी वाढवा

खामगाव,
रविवार, ४ मे २०२५, सकाळ

चि. सौ. जयमाला हीस, आशीर्वाद.

'सौ.' लिहिताना पेन अडखळला. तुझ्या लग्नाला आठ वर्षं झाली आणि तुझ्या नावामागे हे अक्षर मी आज पहिल्यांदा लिहितो आहे.

इकडे सर्व ठीक. तुझ्या आईचा गुडघा दुखतो, पण तोंड व्यवस्थित चालू आहे. ऊन कसं तापलंय ते शेगावला राहणाऱ्या तुला काय सांगायचं? नर्सरीत हिरव्या जाळीखालीसुद्धा कुंड्यांना हात लावता येत नाही. दुपारची लाईट जाते, मोटार बंद पडते, आणि मी पाण्याचा डबा घेऊन फिरत राहतो. आई म्हणते, या वयात तुमाले बसवत कसं नाही एका जागी. बसलो की तुझी शाळा डोळ्यांपुढे येते, म्हणून बसवत नाही.

मूळ मुद्द्यावर येतो. तुझ्या शाळेतली झाडं मेल्याचं कळलं. तुझे हर्षलराव आईला फोन करतात, हे मला पहिल्यापासून माहीत आहे. ती मोरीत जाऊन बोलते आणि मी टीव्हीचा आवाज वाढवतो. या खेपेला मी टीव्ही बंद केला. चाळीसपैकी एकतीस गेली म्हणे. राहिलेल्या नऊंचं काय करायचं ते आधी लिहितो.

काडीवर नखानं जरासं खरवडून बघ. साल आतून हिरवी असेल तर झाड जिवंत आहे, मग पानं सगळी गळालेली का असेनात. तपकिरी असेल तर नाद सोड. बुडाशी पांढरा पापुद्रा आला असेल तो खुरप्यानं हलकेच काढून बाहेर फेक. वर सोयाबीनचं भुसकट-कुटार चांगलं वीतभर पसर, मुळाला ऊन लागू देऊ नकोस. खत अजिबात नको, आजारी माणसाला कोणी पुरणपोळी वाढत नाही. आणि पाणी, जयमाला, बोअरचं पाणी एक थेंब घालू नकोस. नळाला दहा दिवसांनी येतं तेच गोडं पाणी झाडामागे तांब्याभर, तेही सूर्य उगवायच्या आत.

उठून आलो. एक गिऱ्हाईक होतं. नव्या घराच्या गच्चीवर गुलाब लावायचे म्हणत होतं. मी त्याला विचारलं, पाणी कुठलं? बोअरचं म्हणाला. चव कशी? जराशी मचूळ. मग गुलाब नको, म्हटलं, बोगनवेल ने, कण्हेर ने, सदाफुली ने, उन्हाळाभर फुलं बघ. तोंड वाकडं करून दोन बोगनवेली घेऊन गेला. पाहिलंस? दोन मिनिटांचं काम. परक्या माणसाला मी दोन मिनिटांत सांगितलं.

चाळीस वर्षं हा धंदा करतो आहे. झाड निवडताना आधी पाणी बघायचं, मग माती, मग ऊन आणि सगळ्यात शेवटी फूल, हे मी तुला परकरात असताना शिकवलंय. खारपाणपट्टा काय असतो तेही तुला माहीत आहे. तुझ्या शाळेचं गाव पूर्णेच्या अंगाला, जमिनीखालचं पाणी खारट, वर काळी चोपण माती, पाणी घातलं की वरच साचतं. तिथे करंज येतो, कडुनिंब येतो, बोर, चिंच, आवळा येतो. मोगरा, गुलाब, कलमी आंबा येत नाही. मग मी तुला मोगरा, गुलाब आणि आंबा का दिला, हे तू अजून मला विचारलं नाहीस. बहुतेक तुला वाटलं असेल की बाबांनी दिलंय म्हणजे विचार करूनच दिलं असेल.

ताकाला जाऊन भांडं लपवतो आहे. जेवून येतो आणि लिहितो.

दुपार

मागच्या जुलैत तू नर्सरीच्या फाटकाशी आलीस. आठ वर्षांत पहिल्यांदा. आत आली नाहीस, बाहेर उभी राहूनच म्हणालीस, "शाळेसाठी चाळीस झाडं पाहिजेत. तुम्हाला योग्य वाटतील ती द्या." मला 'तुम्हाला' ऐकून कसंतरी झालं. तू लहानपणापासून मला 'तू' म्हणायचीस. मी यादी केली. पहिल्या यादीत करंज, निंब, बोर, चिंच हेच होतं, खरंच होतं. कागद अजून गल्ल्यात आहे.

मग चार दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू रजिस्टर लग्न केलंस तेव्हा मी आलो नाही, कोणाला येऊ दिलं नाही. आहेर नाही, रुखवत नाही, एक साडी नाही. आता तू तोंडानं मागायला आली होतीस, आणि बापानं लेकीच्या दारात पहिल्यांदा न्यायचं ते काय, तर बोरीची काटेरी रोपं? करंज तर लोक रस्त्याच्या कडेला लावतात. मी ती यादी बाजूला सारली. नर्सरीतलं उत्तमातलं उत्तम काढलं. कळ्यांनी लगडलेला मोगरा, कलमी केशर, गावठी गुलाब, दोन रंगांची जास्वंद. कुंड्यांना गेरू लावला. सहदेवच्या टेम्पोत भरलं तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून बघत होती. मला मनातून वाटत होतं, हे माझ्या लेकीचं रुखवत चाललंय.

पंधरा ऑगस्टला तुमच्या पटांगणात झाडं उतरवली. हातपाय धुवायला बोअरवर गेलो. चूळ भरली. जिभेवर ठेवताच कळलं. थुंकलो आणि तोंड पुसलं.

तेवढ्यात शाळा समितीचे अध्यक्ष नारायणराव आले. भला माणूस, शेतकरी माणूस. त्यांनी सरळ विचारलं, "बोअरचं पाणी चालन काय या झाडायले? खारं हाये आमचं."

टेम्पो रिकामा झाला होता, पोरं रांगेत उभी होती, प्रत्येकाच्या हातात आपल्या नावाची पाटी होती. तू नारळ घेऊन उभी होतीस आणि तुझ्या तोंडावर असं हसू मी कैक वर्षांत बघितलं नव्हतं. मी म्हणालो, "चालते. आमची झाडं काटक हायेत."

म्हटलं दिवाळीपर्यंत पावसाच्या पाण्यावर निघेल, मग येईन आणि हळूच बदलून देईन. दिवाळी गेली, संक्रांत गेली. रोज सकाळी म्हणायचो आज जातो. गेलो नाही. कारण पुढे लिहितो, आधी पाणी पिऊन येतो.

फेब्रुवारीत नर्सरीच्या नंबरवर तुझा मेसेज आला. "नमस्कार. जिल्हा परिषद शाळेतून. मोगऱ्याच्या पानांच्या कडा जळत आहेत. काय करावे?" खाली फोटो. तो फोटो बघून नर्सरीतल्या कामगारानंसुद्धा सांगितलं असतं की हा क्षार आहे. खरं लिहायचं तर ऑगस्टचं खोटं कबूल करावं लागलं असतं. मी लिहिलं, "पाणी वाढवा."

मार्चमध्ये पुन्हा आला. मी पुन्हा लिहिलं, पाणी वाढवा. एप्रिलमध्ये तिसऱ्यांदा. भरपूर पाण्यानं क्षार खाली जातो, अशी मी स्वतःची समजूत घातली. वाळूच्या जमिनीत जातो. तुमच्या मातीत कुठे जाणार? तू शिक्षक, सांगितलेलं ऐकणारी. तू पोरांना दिवसातून दोनदा बाटल्या भरून घालायला लावलंस. जितकं जास्त पाणी घातलंत तितकं झाड लवकर मेलं. तुम्ही सगळ्यांनी मिळून मेहनतीनं मारलं, आणि मारायला मी सांगितलं.

हर्षलराव म्हणाले, तू करिष्माला वर्गात सगळ्यांसमोर बोललीस. मोगरा तिच्या नावाचा होता. ती म्हणाली, मॅडम, मी रोज दोन बाटल्या टाकत होती, आणि तू म्हणालीस, खोटं बोलू नको. ती चौथीतली पोर खरं बोलत होती. खोटं बोलणारा खामगावात गादीवर बसला होता. तू नंतर तिच्या घरी जाऊन आलीस म्हणे, पण तेव्हाही तुला माहीत नव्हतं की तिची चूक नाही. तुला वाटलं तू फक्त मोठ्या मनानं माफ करते आहेस. तिला हे सांग. आधी तिला सांग, मग बाकी गावाला.

आणि येत्या शनिवारी सभा आहे हेही कळलं. मॅडमच्या हलगर्जीपणानं झाडं मेली असा ठराव करायचा आहे. नारायणरावांचा हिशेब चुकीचा नाही: जाणकार माणसानं पाणी चालतं म्हणून सांगितलं, तरी झाडं मेली, म्हणजे पाणी घातलंच नाही. माझ्याच शब्दावर तुला दोषी धरताहेत. तू माझे मेसेज कोणाला न दाखवता बदलीचा अर्ज लिहून ठेवलास. हे ऐकलं आणि मी चार दिवस एका ठिकाणी उभा राहू शकलो नाही.

कारण लिहितो म्हटलं होतं. का आलो नाही ते.

पंधरा ऑगस्टलाच नारायणरावांनी दुसरं एक विचारलं होतं. सहज, चहा घेता घेता. "मॅडम तुमच्या वळखीच्या दिसतात. कोण लागतात?" सहदेव माझ्या शेजारी उभा होता. सहदेवच्या कानावर पडलं म्हणजे सगळ्या भावकीत पोचलं. आणि भावकीत मी आठ वर्षं सांगत आलोय की मला एक मुलगा, बस. मी म्हणालो, "कोणी नाई. गिऱ्हाईक हायेत."

तू चार हातांवर होतीस. करिष्माच्या हातात मोगरा देत होतीस. तुझा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. माझ्याकडे पाहिलं नाहीस. निघताना मला हार घातलास, "धन्यवाद" म्हणालीस, आणि त्यानंतरचे सगळे मेसेज गिऱ्हाईकासारखे लिहिलेस. मी गिऱ्हाईक म्हणालो, तू गिऱ्हाईक झालीस. तोंड दाखवायला जागा राहिली नव्हती, म्हणून आलो नाही. झाडांची लाज नंतर, आधी ही लाज.

काल हे सगळं तुझ्या आईला सांगितलं. मला वाटलं रडेल. ती भाजी निवडत होती, निवडतच राहिली. मग म्हणाली, "सुंभ जळला तरी पीळ काई गेला नाई तुमचा. तोंडानं जमत नसन तर कागदावर लिहा. पण पोरगी एकटी उभी नाई राह्यली पाह्यजे शनिवारी."

म्हणून हे पत्र. सहदेव मंगळवारी शेगावला जातो, त्याच्याच हाती देतो आहे. पाकीट उघडं ठेवलंय आणि त्याला सांगितलंय, वाटेत वाच.

सोबत तिसरं पान वेगळं आहे. ते सभेसाठी. शनिवारी मी येणार आहे, सकाळच्या गाडीनं, आई पण. मी स्वतः उभा राहून वाचणार. पण माझा मलाच भरवसा नाही, जुनी सवय आहे, ऐन वेळी जीभ वळते. तेव्हा ते पान तू आधीच नारायणरावांच्या हातात दे, म्हणजे मला माघार घेता येणार नाही.

त्या पानावरची शेवटची ओळ मुद्दाम खाली, सुटी लिहिली आहे. ती गावाला कळावी की नाही हे तू ठरव. नको वाटलं तर कात्रीनं कापून टाक आणि वरचं तेवढं दे. मी सभेत कापलेलंच पान वाचीन, एक शब्द जास्त बोलणार नाही.

हर्षलरावांना आशीर्वाद. जावयाला पहिल्यांदा देतो आहे, उशिरा का होईना घ्यावेत.

पान तिसरे

शाळा व्यवस्थापन समिती, सभेत वाचण्यासाठी.

मी पुंजाजी तुकाराम सातव, राहणार खामगाव, धंदा रोपवाटिका, लिहून देतो की शाळेतील झाडे पाण्याअभावी मेलेली नाहीत. ती बोअरच्या खाऱ्या पाण्याने मेली. पाणी खारे आहे हे मला लावणीच्या दिवशी चव घेऊन माहीत होते. तरी मी चालते म्हणून सांगितले. पुढे तीन वेळा विचारणा झाली तेव्हा पाणी वाढवा असे मीच कळवले. मॅडमनी आणि मुलांनी सांगितल्याप्रमाणे रोज पाणी घातले. मुलांपैकी कोणीही कामचुकारपणा केलेला नाही. दोष सर्वस्वी माझा आहे. पावसाळ्यात या मातीत टिकतील अशी चाळीस झाडे मी स्वतः येऊन लावून देईन आणि पुढचा उन्हाळा संपेपर्यंत दर आठवड्याला येऊन बघीन.

सही
पुंजाजी तुकाराम सातव



जयमाला माझी मुलगी आहे.