सोड्याच्या पाण्यातले हात

आई, आज वर्गात मीठ, तुरटी आणि धुण्याचा सोडा तीन पेल्यांत विरघळवून मुलांसमोर ठेवले. तिन्ही क्षारच. पण मिठाच्या पाण्यात लिटमसचा रंग बदलला नाही, तुरटीच्या पाण्यात निळ्याचा लाल झाला आणि सोड्याच्या पाण्यात लालचा निळा. लोहगडवाडीहून येणारी एक मुलगी ताडकन म्हणाली, "पण मॅडम, क्षार म्हणजे उदासीनच ना? आम्ल आणि आम्लारी एकमेकांना मारूनच तर तो होतो." मी तिच्यावर उगाच खेकसले. मग सांगितलं, बाई गं, दोघांत जो जोरकस असतो त्याचा गुण पाण्यात उतरतो, आणि सोड्यात आम्लारी जोरकस. एवढं बोलून मी फळ्याकडे तोंड केलं, कारण तिचं वाक्य एकेकाळी माझं होतं.

दहावीत होते मी. तू लोणावळ्यात बंगल्यांच्या चादरी धुवायचीस, मागच्या अंगणात, सोड्याच्या गरम पाण्यात कोपरापर्यंत हात घालून. माझी वेणी घालताना तुझ्या बोटांच्या भेगांत केस अडकायचे आणि मी वैतागायचे. तुझ्या जोडीला धुणारी मावशी सारखी म्हणायची, हा सोडाच हात खातोय. एका मालकिणीनं तुला रबरी हातमोजेही दिले होते. त्या संध्याकाळी चुलीपुढं भेगांना तेल-हळद चोळत तू विचारलंस, "तू शास्त्र शिकतीस, तूच सांग. सोड्यानं व्हतं का गं ह्ये?" मी पुस्तकातून मानही वर काढली नाही. "सोडा क्षार आहे, आई. क्षार उदासीन असतो. थंडीनं फुटलेत हात." तू तळहात माझ्यापुढं धरलास. "मग सोड्यात हात घातला की हळद लाल का व्हती?" "भेसळीची असेल," मी म्हणाले.

झालं! दुसऱ्या दिवशी तू वाण्याच्या दुकानासमोर उभी राहून बिचाऱ्याची खरडपट्टी काढलीस. आणि हातमोजे मावशीला देऊन टाकलेस. मी तिथंच होते. "तुलाच ऱ्हाऊ दे. माजी पोर शिकलेली हाय, ती म्हनती सोड्यानं काय व्हत न्हाई." काय फुलला होता तुझा चेहरा! हळद लिटमससारखीच तुझ्या तळहातावर खरं काय ते दाखवत होती, ते तुला दिसतही होतं, आणि तू विश्वास ठेवलास माझ्यावर. मला आजही त्याची लाज वाटते, आई, आणि रागही येतो, तुझा नाही, माझा.

तुझ्या शेवटच्या वर्षांत तुला भाकरी थापता येत नव्हती. दादा एकदा म्हणाला, वेळेवर कुणी सांगितलं असतं तर. मी त्याला म्हटलं, मला तरी कुठं माहीत होतं, मी शिकवायला लागले तेव्हा कळलं, तोवर आई गेली होती. त्यानं ते खरं मानलं, घरात सगळ्यांनीच मानलं.

म्हणून हे पत्र त्याच्या हाती पडू देणार नाही. सगळे क्षार उदासीन नसतात हे बारावीलाच शिकवलं होतं मला, सोड्याचंच उदाहरण देऊन. मी घरी आले तेव्हा तू अंगणात चादरी पिळत होतीस. मी सांगायला म्हणून दारापर्यंत आले, आणि तुझ्या नजरेतून उतरेन म्हणून चहा मागितला.