दोघांना पुरेल एवढं

३ जून
आज सामान लागलं. वरची खोली हवेशीर आहे. हे गेले तेव्हा यांच्या यकृताचे डॉक्टरांनी दोन भाग केले. होकाराची सही माझीच. मोठा भाग खाली राहणाऱ्या शिंपीकाकांना मिळाला, छोटा सहा वर्षांच्या ठकीला. दवाखान्याच्या बाकावर त्यांची आपसांत ओळख झाली आणि ठकीची आई काकांकडेच भाडेकरू म्हणून आली. ती कारखान्यात पाळीवर असते, म्हणून पोरीला सांभाळायला तिने मला शोधून बोलावलं. म्हणाली, ताई, घर आपलंच समजा. खूप दिवसांनी पोटभर जेवले.

९ जून
दोन्ही भाग वाढून पुरते होतात, असं डॉक्टर म्हणाले होते. खरं दिसतंय. दोघेही तजेलदार आहेत. ठकी मात्र जेवताना आधी माझं ताट तपासते, कमी घेतलं की डोळे वटारते. हे असंच करत. मला हसू आलं.

१७ जून
बाजारात एवढा उशीर का, कोण भेटलं, असं काकांनी विचारलं. जिन्यावर ठकीनेही तेच विचारलं, त्याच सुरात. यांना जन्मभर उत्तरं दिली. आता पुन्हा, तीही दोन तोंडांना. फार दमायला होतं.

२२ जून
काकांच्या शर्टाला बटण लावलं, तर ठकी जेवली नाही. काका तिला म्हणाले, एवढासा तुकडा तुझा आणि तोरा केवढा! ती शांतपणे म्हणाली, बायको माझीपण आहे. तिची आई पोट धरून हसली.

२५ जून
मी जाते म्हटलं. ठकीच्या आईने पाय धरले. तुम्ही फाटकाबाहेर गेलात की पोर तापाने फणफणते, म्हणाली. खरं आहे. कोपऱ्यापर्यंत जाऊन पाहिलं. परत आले. लेकराचा जीव आहे.

२८ जून
भांडण मिटलं. दोघं शिलाई मशीनपाशी कुजबुजतात. मी आले की गप्प. आई म्हणते, पोरगी शहाणी झाली.

२९ जून
आई पाळीवर गेली. काकांनी माप घ्यायचंय म्हणून उभं केलं. कपाळापासून खाली खडूची रेघ ओढली. ठकीने लांबून पाहिली. म्हणाली, माझ्या बाजूला कमी येतंय. काकांनी पुसली, पुन्हा —

मी हलले नाही.

उजवा हात काकांनी धरलाय. डाव्याने लिहितेय. ठकी म्हणते, तो माझा, तो आता —