छान झालंय, सर

२ मे

जिंकलो! काकडीनं मैदान मारलं!

सकाळी ऊन चढायच्या आत किसून ठेवली होती. पाणी पिळून काढलं नाही. ते पाणीच तर हवं! त्यात गार दही, हातानं चुरडलेला पुदिना, मीठ, चिमूटभर साखर. गॅसला हातसुद्धा लावला नाही. बाहेर डांबर वितळतंय आणि आम्ही दोघं पंख्याखाली बसून वाट्या रिकाम्या करतोय! सासूबाईंनी चमचा खाली ठेवला, तोंड पुसलं आणि म्हणाल्या, ‘‘छान झालंय, सर.’’

अंगावर मूठभर मांस चढलं. सासूबाईंकडून पावती म्हणजे काय चेष्टा आहे? या बाई सरकारी दवाखान्यात जन्मभर मोठ्या सिस्टर होत्या. बायको म्हणते, आईनं भलेभले डॉक्टर रडवलेत.

सध्या घरातली सत्ता अशी वाटलेली आहे: सासूबाईंच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालीय, म्हणून त्या महिनाभर आमच्याकडे. उभं राहायला बंदी. बायको हवामान खात्यात, तिला उन्हाळ्यात सुटी मागायचीही चोरी. मी चित्रकलेचा मास्तर, शाळेला सुटी. तेव्हा स्वयंपाकघर माझं! लग्नाला सहा महिने होत नाहीत तोवर संपूर्ण राज्य हाती आलं.

४ मे

टोमॅटो कच्चेच वाटले, गाळले, मिरपूड, मीठ, बर्फ. गार सूप! लाल रंग असा आला की ब्रश बुडवावासा वाटला.

‘‘छान झालंय, सर.’’

मी हवेत!

५ मे

भाजीवालीनं आज मला धारेवर धरलं. ‘‘बाईसाहेबांना सांगा की जरा कमी करायला! माझी कोथिंबीर बघा, दहा वाजता मान टाकते.’’ मी म्हटलं, त्या फक्त सांगतात हो, पाडत नाहीत ऊन. ‘‘मग सांगायचं तरी कशाला?’’ – म्हणत तिनं तीच जुडी माझ्या पिशवीत कोंबली. संध्याकाळी हवामान खातं घामाघूम होऊन घरी आलं, त्याला हे सांगितलं तर म्हणतं, आमचे साहेबही हेच विचारतात!

कलिंगडाची लाल फोड सगळेच खातात. मी आतला पांढरा भाग किसला, लिंबू पिळलं, मीठ, भाजलेलं जिरं. टाकाऊतून अमृत! सासूबाई म्हणाल्या, छान झालंय, सर.

मनात येतं, शाळा सोडून खानावळ काढावी.

७ मे, रविवार

आज विमान जमिनीवर आलं.

बायकोला सुटी, म्हणून आज तिनं हौसेनं बटाटे उकडून त्यात कांदा, लिंबू, तेल घातलं. साधीच गोष्ट. सासूबाईंनी पहिला घास घेतला आणि भुवया वर!

‘‘हा बटाटा उकडलाय की नुसती आंघोळ घालून आणलायस?’’

‘‘आई, शिजलाय तो.’’

‘‘शिजलाय? दात आहेत म्हणून चाललंय. आणि कांदा! कांदा चिरलायस की लाकडं फोडलीस?’’

‘‘मग नको खाऊस.’’

‘‘का नको? वाढ अजून. तेल जरा जास्त घाल, लिंबू नको. शिकवलं नाही का मी तुला?’’

आणि दोघी हसायला लागल्या! बायकोनं चिडून जीभ दाखवली, सासूबाईंनी तिच्या दंडावर चापट मारली, आणि तो कच्चा बटाटा त्या तिसऱ्यांदा घेत होत्या. मी मधे बसून लिंबाच्या बिया मोजल्यासारखं करत होतो.

माझ्या काकडीच्या वेळी दुसऱ्यांदा मागितली नव्हती. आत्ता आठवलं.

८ मे

दिवसभर बारीक लक्ष ठेवलं. सासूबाई सगळ्यांना बोलतात! सगळ्यांना!

गुडघ्याचे व्यायाम करून घ्यायला ते फिजिओथेरपिस्ट येतात, त्यांना म्हणाल्या, ‘‘पाय माझा आहे, सायकलचं पेडल नाही.’’ ते बिचारे ततपप करत गेले, पण जाताना तोंडभर हसत होते. खिडकीतून कलिंगडवाल्याला म्हणाल्या, ‘‘थापा मारून काय बघतोस? दार उघडणारे का कोणी आतून?’’ त्यानं खूश होऊन लहान कलिंगड फुकट वर पाठवलं. शेजारची मांजर नेमकी दुधाच्या वेळी आली, तिचीही कानउघाडणी झाली आणि मग तिला मांडीवर घेतलं.

आणि माझ्याकडे वळल्या की आवाज इस्त्री केल्यासारखा. ‘‘सर, तुम्ही बसा. सर, तुम्ही कशाला त्रास घेता.’’ दवाखान्यात डॉक्टरांना सर म्हणायच्या, तेच मला. नावाला म्हणून नावं ठेवत नाहीत!

मी वसतिगृहात वाढलो. आई कधी गेली ते मला आठवतही नाही. तिथे जेवणाला नावं ठेवायची नाहीत असा नियम होता, आणि आम्हाला नावं ठेवायला कुणाला सवड नव्हती. माझे मित्र आईच्या नावानं बोटं मोडायचे – ‘सारखी बोलते यार’ – तेव्हा मी मान हलवायचो, जसं काही मलाही माहीत आहे.

मला ते हवंय. बास. लिहून टाकलं. तेहतीस वर्षांचा घोडा झालो तरी मला कुणीतरी कांद्यावरून झापावं असं वाटतंय!

१० मे

आयडिया!!

चांगलं केलं तर ‘छान’ म्हणतात. मग वाईट करू या! किती वेळ गप्प बसतील? मोठ्या सिस्टर आहेत त्या, कधीतरी स्फोट होईलच.

उद्या टोमॅटोच्या सूपमध्ये मिठाऐवजी साखर. चांगली मूठभर. कपाटामागे उभा राहून एकटाच हसत होतो. हवामान खातं म्हणालं, तुला ऊन लागलंय का?

११ मे

सगळं प्यायल्या. शेवटच्या घोटापर्यंत.

‘‘वेगळं आहे. छान झालंय, सर.’’

मी चारीमुंड्या चीत.

१२ मे

भिजवलेले मूग दिले – न भिजवता. म्हणजे जेमतेम अर्धा तास पाण्यात ठेवून. खाताना कडाकडा आवाज येत होता. सासूबाई शांतपणे चावत होत्या, एकदा तर हनुवटीला हात लावून जबडा जागेवर आहे ना ते पाहिलं.

‘‘कुरकुरीत आहे हो.’’

मलाच हसू आवरेना. ठसका लागला म्हणून आत पळालो.

१३ मे

पकडलो गेलो!

आज शनिवार, हवामान खातं दुपारीच घरी. मी ठरल्याप्रमाणे गार भात केला होता. सकाळी शिजवून ताटात पसरलेला, त्यात दही, किसलेलं गाजर, डाळिंबाचे दाणे. दिसायला चित्रासारखा! आणि मीठ एवढं की समुद्रानं लाजावं. सासूबाईंच्या वाटीत वाढला, आणि तेवढ्यात बायकोनं मधेच हात घालून त्यातला घास तोंडात टाकला. तिचे डोळे बाहेर आले. सासूबाईंना कळायच्या आत वाटी उचलून ती मला ढकलतच आत घेऊन गेली.

‘‘वेडा झालायस? आईचं ब्लड प्रेशर माहितीये ना तुला?’’

तळपायाची आग मस्तकात गेली होती तिच्या. आणि बरोबरच होतं. रक्तदाब माझ्या डोक्यातच आला नव्हता. मला माझीच लाज वाटली. मग सगळं सांगितलं. साखर, मूग, कांदा, घोडा, सगळं. ती आधी बघतच राहिली. मग ओट्याला धरून खाली बसली. हसून हसून मुरकुंडी! ‘‘म्हणजे – तुला – शिव्या – खायच्यायत?’’ मी पण फरशीवर. दोघांच्या डोळ्यांतून पाणी. फ्रिजला टेकून बसलो, गारही वाटत होतं.

मग डोळे पुसत ती सहज म्हणाली, ‘‘अरे, आई पाहुण्यांना कधीच नावं ठेवत नाही.’’

बोलून गेली आणि तिलाही ते लागलं. माझा हात धरून बसली.

मी पाहुणा.

१५ मे

फिजिओथेरपिस्ट म्हणाले, पाय उत्तम. जिना चढून दाखवा. सासूबाई चढल्या, उतरल्या, वर त्यांनाच विचारलं, ‘‘तुम्हाला येतं का असं, दम न लागता?’’

शनिवारी आपल्या घरी जाणार म्हणाल्या. आठवडाही नाही हातात!

मी म्हटलं, आई, अजून राहा की, ऊन कमी होऊ दे. ‘‘ते तुमच्या घरच्या बाईंना विचारा, कधी कमी होणार,’’ म्हणाल्या. हसलो आम्ही. पण राहते असं नाही म्हणाल्या.

१७ मे

खोडसाळपणा बंद. उरलेले दिवस मनापासून करणार.

पहाटेच उठून लाल भोपळा भाजला, गार केला, त्यावर दही, लिंबाची साल किसून, तीळ. बरोबर मऊ पाव आणि पातळ ताक. मला स्वतःला इतकं आवडलं की करतानाच निम्मा संपवला. आणि मग आज धीर करून सरळ विचारलं, ‘‘आई, खरं सांगा. काय कमी आहे यात?’’

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं! त्यांचा हात मिठाच्या वाटीकडे निघाला, अगदी निघाला – आणि अर्ध्यात थांबून चष्मा सारखा करायला गेला.

‘‘काही नाही. छान झालंय, सर.’’

पण मी पाहिलंय! हात निघाला होता! रात्री हवामान खात्याला हात कसा निघाला ते चारदा करून दाखवलं. ती म्हणाली, झोप आता.

२० मे

गेल्या.

टॅक्सीत बसताना म्हणाल्या, ‘‘तुमच्या घरात मला काही कमी पडू दिलं नाहीत, सर. फार केलंत.’’ खरं तर केवढं कौतुक! मी हात जोडले, डबा दिला, टॅक्सीचं दार नीट लावलं. ‘तुमच्या घरात.’ लेकीला मात्र खिडकीतून ओरडून गेल्या, ‘‘केस विंचर गं! कामाला जातेस की भूत घालवायला?’’

टॅक्सी वळेपर्यंत उभा होतो. पायाला चटके बसत होते, तेव्हा कळलं की अनवाणीच आलोय.

२१ मे

पाव, टोमॅटो, मीठ. दोघांनी उभ्यानंच खाल्लं. हवामान खातं म्हणालं, मस्त आहे. मी म्हटलं, तू तरी नको.

२२ मे

सकाळी सहाला फोन. माझ्या फोनवर!

‘‘उठलास? मग ऐक. परवापासून माझ्या घरात आहे मी, आता बोलते. पुदिना एवढा घालतात? मला कळेना जेवतेय की दात घासतेय! भोपळा भाजलास तो एका बाजूनं कच्चा. तीळ भाजायचे असतात, तसेच उधळायचे नसतात. आणि ते मूग! अरे, मी गुडघा बदलून आले होते, दात नाही!’’

मी म्हटलं, आई, मग तेव्हाच का नाही बोललात?

‘‘लेक-जावयाच्या घरात पाय पसरून आयतं खायचं आणि वर नावं ठेवायची? मला घालवून दिलं असतंत तर? मुद्दाम करत होतास ते पहिल्याच घोटाला कळलं मला. म्हटलं, कंटाळला असेल म्हातारीला, बोलता येत नाही म्हणून साखर घालतोय. म्हणून निघाले, गाढवा. रात्री लेकीनं फोनवर सगळं सांगितलं. झोप नाही मला. आता लिहून घे, कांदा कसा चिरायचा.’’

कागद सापडेना. हातावर लिहीत होतो, मनगटापर्यंत आलो. डोळे इतके भरलेले की अक्षर दिसेना, आणि हसूही थांबेना. पलीकडून आवाज चढतच होता – अमकं चुकलं, तमकं चुकलं, रविवारी येतेय, तोवर गॅसला हात लावू नकोस!

हवामान खातं झोपेत कूस बदलून म्हणालं, ‘‘कुणाचा फोन?’’

‘‘आईचा. तुला नाही, मला आहे. झोप तू.’’